पांढऱ्या कोंबडीची आया

हिंगणवाडीत पांढऱ्या कोंबड्या आल्या तेव्हा लढाई चालू होती, रॉकेल मोजून मिळत होते आणि गावातल्या ख्रिस्ती आळीत औषधालासुद्धा कोंबडी उरली नव्हती. आदल्या उन्हाळ्यात मानमोडीची साथ आली आणि खुराडीच्या खुराडी रिकामी करून गेली. वाचली ती एकच, कडूबाईची चितरी. ती का वाचली हे कोणालाच कळले नाही. कडूबाई म्हणे, प्रार्थनेने वाचली. शेजारीण म्हणे, प्रार्थना तर आम्हीही केली होती. यावर कडूबाईने त्या शेजारणीशी बोलणेच टाकले.

या कडूबाईची सून दया. दयाला लहानपणापासून प्रश्न विचारायची खोड होती, आणि गरिबाघरच्या सुनेला ही खोड परवडत नाही. एकदा उपासना संपल्यावर तिने पाळकसाहेबांना विचारले होते, की नोहाच्या तारवात इतके दिवस कोंबड्या होत्या, त्यांनी अंडी घातली असतील, ती कोणी खाल्ली? पाळकसाहेब भला माणूस. विचार करून सांगतो म्हणाले, आणि ते अजून विचारच करत होते.

हिंगणवाडी नेवाशाच्या पूर्वेला, कोरड्या अंगाला. तिथे पाऊस घाईतल्या पाहुण्यासारखा येतो आणि चहाला न थांबता जातो. त्यामुळे दसरा झाला की आळीतली निम्मी घरे दाराला कडी घालून बेलापूरकडे, पाटाच्या मुलखात ऊस तोडायला जात. लग्न झाल्यापासून दयाही नवऱ्यामागे, सत्यवानामागे, दर साली जात होती. तिथे राहायचे कोपीत. कोपी म्हणजे उसाच्या पाचटाचे खोपटे. आत शिरताना वाकावे लागते आणि शिरल्यावरही सरळ उभे राहता येत नाही. दयाची पहिली मुलगी अशाच एका कोपीत थंडीने गेली. त्याबद्दल ती कोणाशी बोलत नसे. आता दुसरी, सारा, भिंतीला धरून पावले टाकायला लागली होती. यंदा चैत्रात बेलापूरहून परत आल्याबरोबर दयाने नवऱ्याला सांगून टाकले, की मी पुन्हा कोपीत येणार नाही.

सत्यवान काही वाईट माणूस नव्हता. त्याने फक्त विचारले, की घरी राहून खाशील काय? सगळ्या जगाला प्रश्न विचारणाऱ्या दयाला या एका प्रश्नाचे उत्तर येईना.

ते उत्तर ईस्टरच्या सणाला योसेफ मास्तर घेऊन आले, तेही डालग्यात घालून. योसेफ मास्तर मिशनचे कोंबड्यांचे मास्तर. नगरला मिशनच्या आवारात एक दिव्याची पेटी होती. तिच्यात अंडी ठेवायची, खाली रॉकेलचा दिवा लावायचा, की कोंबडीवाचून पिले निघत. आता रॉकेल मिळेना, पेटी बंद पडली, म्हणून मिशनने ठरवले की या विलायती जातीच्या कोंबड्या गावोगावच्या गरीब घरांना द्यायच्या आणि जात वाढवायची. हिंगणवाडीच्या वाट्याला एक कोंबडा आणि तीन कोंबड्या आल्या होत्या. पांढऱ्याशुभ्र, तुरा लाल आणि एका अंगाला झुकलेला. मास्तरांनी शर्त सांगितली: देशी कोंबडा घरात ठेवायचा नाही, नाहीतर जात बिघडेल. आणि दसऱ्यापर्यंत यांच्या सहा तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, दुसऱ्या एखाद्या गरीब घरी गेल्या पाहिजेत. गेल्या तर या चार कायमच्या तुमच्या. नाही गेल्या तर चारही परत.

नगरच्या लष्करी छावणीला अंडी पुरत नाहीत, दर बाजारी माणूस येऊन नेईल, हेही मास्तरांनी सांगितले. तेवढे ऐकून दयाचे कान टवकारले. आळीतल्या लोकांनी मात्र माना खाली घातल्या. फुकट मिळणारी वस्तू घ्यायला माणसे भितात, आणि त्यात त्यांचे फारसे चुकतही नाही. दयाने तेवढ्यात विचारले, की ह्या पांढऱ्या आहेत तर घारीला लांबूनच दिसणार, मग त्यांना राखायचे कसे? मास्तर हसले. म्हणाले, ज्या बाईला आत्ताच घारीची काळजी पडली तिलाच या द्याव्यात. आणि डालगे दयाच्या दारात उतरले.

सगळी आळी बघायला लोटली. म्हातारी माणसे म्हणाली, एवढ्या पांढऱ्या कोंबड्या म्हणजे धुतल्यासारख्या दिसतात. कोणी म्हणाले, मिशनच्या आहेत, बाप्तिस्मा झालेला असणार. दया मात्र खाली बसून त्यांचे पाय, डोळे, चोची बघत राहिली. या देशीसारख्याच खातात, देशीसारख्याच पाणी पितात, मग यांच्यात वेगळे काय आहे, हे तिला शोधून काढायचे होते.

थोड्याच दिवसांनी मास्तर पुन्हा आले, कोंबड्या रुळल्या का ते बघायला. दुपारची वेळ, पाहुणा नगरहून आलेला. असा पाहुणा दारी आल्यावर कोंबडी न कापणे म्हणजे कडूबाईच्या लेखी नाक कापून घेणे. पण कापायची कोणती? पांढऱ्यांना हात लावायची सोय नव्हती. राहिली चितरी. आणि चितरी नेमकी खुडूक झालेली. अंडी देणे बंद, दिवसभर कोपऱ्यात पिसे फुलवून बसायची आणि जवळ गेले की गुरगुरायची. बिनकामाची कोंबडी, असे कडूबाईने ठरवले. देशी कोंबडा ठेवू नका म्हणून मास्तरांनीच सांगितले आहे, मग देशी कोंबडी तरी कशाला, असाही एक विचार तिने त्याला जोडला. सासूपुढे पाहुणचाराच्या बाबतीत बोलायची दयाची छाती नव्हती. चितरी चुलीवर चढली. मास्तरांनी दोनदा रस्सा मागून घेतला, कडूबाईच्या हाताची तारीफ केली आणि तृप्त होऊन नगरला गेले.

मग सुरू झाले वाट बघणे. आता हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको, पण कोंबडीची एक रीत असते. ती डझनभर अंडी घालते, मग खुडूक होते, मग तिला त्याच अंड्यांवर बसवायचे, की तीन आठवड्यांनी पिले. पहिल्या खेपेची अंडी विकायची नसतात, ती वाढीला ठेवायची. त्याप्रमाणे दया रोज अंडी उचलून बाजरीच्या मडक्यात पुरून ठेवू लागली. मडके भरले, दुसरे घेतले. छावणीचा अंडीवाला बाजारी दोनदा विचारून गेला. सत्यवानाचा हात शिवशिवत होता, पण कडूबाई मडक्यांवर पहारा करत होती.

कोंबड्या अंडी देत राहिल्या. थांबायचे नावच घेईनात. देशी कोंबडी दमते, रुसते, अंगात आल्यासारखी करते. यांचे तसले काहीच नाही. सकाळी अंडे दिले की आरडाओरडा करून साऱ्या आळीला सांगायचे आणि उकिरड्यावर चरायला पळायचे. मागे वळून अंड्याकडे बघतसुद्धा नसत. दयाने त्यांना अंधाऱ्या कोपऱ्यात कोंडून पाहिले. अंड्यांवर धरून बसवून पाहिले. त्या टुणकन उठून बाहेर गेल्या. कोणी म्हणाले, जागा बदलली म्हणून. कोणी म्हणाले, करणी आहे. दयाला करणी पटेना, पण दुसरे कारणही सापडेना, आणि त्या शोधाने तिची झोप उडाली. छपराच्या भोकातून उन्हाची तिरीप येई, तिच्यापुढे अंडे धरून ती आत बघत बसायची. नुकते घातलेले अंडे नारिंगी उजळे. जुन्या अंड्यात सावली हलायची. आत कोणी आहे की नाही, हे बाहेरून कसे कळावे, याचाच ती विचार करी.

एका भर दुपारी मडक्यात फट्‌कन आवाज झाला. वैशाखाच्या तलखीत अंडी नासली होती आणि त्यातले एक फुटले होते. त्या वासाने कडूबाई पदर नाकाला लावून अंगणात आली, शेजारीण आपल्या अंगणात आली, आणि दोघींचे मोडलेले बोलणे त्या वासाने पुन्हा जोडले गेले. दोन्ही मडकी लांब ओढ्यात नेऊन ओतावी लागली, बाजरीसकट. दया परत आली ती थेट उंबऱ्यावर बसली आणि रडली. बाजरीसाठी रडली, अंड्यांसाठी रडली आणि जास्त करून त्या कोपीसाठी रडली.

कडूबाईला सुनेचे रडणे बघवत नसे, म्हणून ती चिडली. तरुणपणी ती मिशनच्या बंगल्यात आया होती, गोऱ्या मडमेची दोन मुले तिने सांभाळली होती. त्याच तोऱ्यात ती पांढऱ्या कोंबड्यांकडे हात करून म्हणाली, "मडमेच्या जातीच्या हायत त्या. मडम काय स्वतः पोरं वाढवती व्हय? जन्म द्यायचा आन् आयाच्या हवाली करायचं. ह्यांना बी आया पायजे."

दया रडता रडता थांबली. सासूने टोमणा मारला होता, पण दयाला तो टोमणा वाटलाच नाही. दिव्याची पेटी तिच्या डोळ्यांपुढे आली. मिशनमध्ये पेटी कशाला लागत होती, हा प्रश्न आपण मास्तरांना का विचारला नाही? या बसतच नसणार. यांची जातच तशी. मास्तरांना हे इतके ठाऊक होते की सांगायचे सुचले नसेल, आणि आपल्याला इतके ठाऊक नव्हते की विचारायचे सुचले नाही. म्हणजे हवी होती एक देशी, खुडूक कोंबडी. तशी या घरात होती. ती मास्तरांनी दोनदा रस्सा मागून खाल्ली होती. दयाने हे सगळे सासूला सांगितले. कडूबाई म्हणाली, मास्तरांना हे कळता कामा नये, उगाच पाहुण्याच्या घासाला बोल लावल्यासारखे होईल.

त्या बाजारापासून अंडी विकायला सुरुवात झाली. घरात मीठमिरची आली, दिवसाआड भाकरीबरोबर कालवण आले, साराला दूध आले. सत्यवानाने दोन बाजार नुसते पैसे मोजून पाहिले. तिसऱ्या बाजारी म्हणाला, की ह्या जर कायम राहिल्या तर तू आणि सारा घरी राहिलात तरी चालेल, मी एकटा जाईन. दयाने ते शब्द पदराला गाठ मारून ठेवले. आता राहता राहिली शर्त. पण खुडूक कोंबडी आणायची कोठून? आळीतली खुराडी रिकामी, आणि मराठ्यांच्या घरांत बहुतेक सगळे माळकरी. तिथे कोंबडीचे पीस उडत आले तरी अंगण सारवून काढीत.

ज्येष्ठात दया रंगनाथाच्या मळ्यात धसकटे वेचायला गेली. रंगनाथ गावातला बडा शेतकरी, विहिरीवर दोन मोटा चालत. गळ्यात तुळशीची माळ, बोलणे कमी आणि शब्द कडक. दुपारी सगळ्या बाया झाडाखाली भाकरी खात होत्या तेव्हा कडब्याच्या गंजीमागून दयाला आवाज आला. गुरगुर, मग कुक् कुक्, मग पुन्हा गुरगुर. आईला लेकराचे रडणे ओळखू यावे तसा खुडूक कोंबडीचा आवाज ओळखू येतो. दया भाकरी टाकून उठली. गंजीला आतून एक पोकळी होती, तिच्यात रिकाम्याच जागेवर पिसे फुलवून एक तांबडी कोंबडी बसली होती. मागे कोणीतरी उभे राहिल्याचे दयाला फार उशिरा कळले.

ती बनुबाई होती. रंगनाथाची आई. नऊवारी चापूनचोपून नेसलेली, कपाळ मोकळे, कमरेवर हात. दयाला वाटले, आता मजुरी गेली. पण बनुबाईच तिच्याहून जास्त घाबरली होती. इकडेतिकडे बघून तिने आवाज खाली आणला. कोंबड्या सालगड्याच्या आहेत, असे ती म्हणाली. मग दयाच्या तोंडाकडे पाहिले आणि तिला बहुधा वाटले की या बाईपुढे खोटे बोलून उपयोग नाही. कोंबड्या तिच्याच होत्या. सालगडी त्याच्या नावाने अंडी बाजारात नेई.

"लेक म्हायेरी येती," बनुबाई म्हणाली, "तवा तिच्या हातावर ठिवायला माज्यापाशी काय हाय? समदं मागून घ्यावं लागतं. ह्ये तेवढं न मागता येतं."

दयाने काय ते समजून घेतले आणि आपली अडचण सांगितली. बसतच नाहीत अशा कोंबड्या! बनुबाईला ते खरेच वाटेना. तिने तीनतीनदा विचारले, की अजिबात नाही? कधीच नाही? त्यांची आईसुद्धा नाही? तिचे डोळे लहान मुलीसारखे झाले. दयाला आयुष्यात पहिल्यांदाच आपल्याइतकी चौकस बाई भेटली होती, आणि ती नेमकी रंगनाथाची आई निघावी याचे तिला हसू आले. सौदा जागच्या जागी ठरला. सौदा कसला, चालत आलेली रीतच होती ती. अंडी एकीची, खुडूक कोंबडी दुसरीची, पिले अर्धलीने, म्हणजे निम्मी हिची निम्मी तिची.

दुसऱ्या दिवशी दया धसकटांच्या पाटीत ताजी अंडी लपवून घेऊन आली. ती अंडी कोणत्या आळीतून आली होती हे बनुबाईला ठाऊक होते. त्यांच्यावर पाणी शिंपडावे की काय, असा तिने क्षणभर विचार केला. मग पाण्याने ती गार पडतील म्हणून राहू दिले. वीज कडाडली तर अंडी पोकळ होतात, म्हणून तिने गवतात एक लोखंडी खिळा ठेवला. कडूबाईने सुनेबरोबर प्रार्थना पाठवली होती, ती दयाने मनातल्या मनात म्हणून घेतली. तांबडी सगळ्यांवर पंख पसरून बसली. अंडी कोणाची, याची तिने चौकशी केली नाही.

पुढले दिवस दोघींना एकच नाद लागला. दयाला मळ्यात काम नसले तरी ती काही ना काही निमित्त काढी. बनुबाई कडबा बघायच्या निमित्ताने गंजीकडे जाई. दयाने उन्हापुढे अंडे धरून आतली लाल शिरांची जाळी दाखवली तेव्हा बनुबाईने तोंडावर हात ठेवला. साऱ्या जन्मात इतकी पिले काढली पण आत कधी डोकावले नाही, असे ती म्हणाली. एका अंड्यावर दोन डोकी वाकलेली, एक बडी शेतकरीण आणि एक आळीतली मजूर, असे जर गावाने पाहिले असते तर गावाला आठ दिवस दुसरा विषय मिळाला नसता.

पिले निघायच्या आदल्या दिवशी रंगनाथ बैलांसाठी कडबा काढायला स्वतः आला. सालगडी तापाने पडला होता. दोन पेंढ्या ओढल्या आणि गंजीतून तांबडी त्याच्या अंगावर झेपावली. रंगनाथ मागे सरला. आत अंडी दिसली, पांढरी, लखलखीत. त्याच्या कपाळावरची शीर फुगली. दया आणि बनुबाई दोघी तिथेच उभ्या होत्या.

"कुणाची ही?" त्याने विचारले.

बनुबाईने मुलाकडे पाहिले, मग जमिनीकडे. "हिची," ती म्हणाली आणि दयाकडे बोट केले.

दयाला राग आला नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. पण बनुबाई मुलाला किती भिते, ते तिने पाहिले. तिने पाटीत गवत घातले, अंडी ठेवली, वर तांबडीला बसवले, लुगड्याचा पदर तिच्यावरून गुंडाळला आणि पाटी डोक्यावर घेतली. रंगनाथाने उद्यापासून कामाला येऊ नकोस म्हणून सांगितले. ती मळ्यातून निघाली.

ओढ्याच्या अलीकडे तिच्या डोक्यावर चिव असा आवाज झाला. दया जागच्या जागी थांबली. पुन्हा चिव. अंड्याच्या आतून! वरून तांबडीने त्याला हलक्या घशाने उत्तर दिले. पिलू अजून कवचात होते आणि दोघांचे बोलणे सुरूही झाले होते. आत कोणी आहे की नाही हे बाहेरून कसे कळावे, याचे उत्तर दयाच्या टाळूवर येऊन बसले होते. मजुरी गेली होती, तोंड कडू झाले होते, तरी ती वाटभर एकटीच हसत राहिली. गावातल्या माणसांना वाटले, हिला ऊन लागले.

पिले निघाली, पिवळी, कापसाच्या बोंडासारखी. तांबडीने ती पोटाखाली घेतली आणि पांढऱ्या कोंबड्या शेजारून आपल्याच लेकरांकडे न बघता चरायला निघून गेल्या. दोन पिले घारीने नेली, एक मुंगसाने. श्रावण गेला, भादवा गेला, पिलांना तुरे फुटले आणि कोंबडे कोण, तलंगा कोण ते कळू लागले. तलंगा निघाल्या बरोबर सहा.

आता मेख इथे होती. सगळ्या आपल्या म्हटल्या तर शर्त पुरी. अर्धल दिली तर तीनच उरतात. दुसऱ्या खेपेची पिले काढली तरी दसऱ्यापर्यंत त्यांच्या तलंगा होणे शक्य नव्हते. सत्यवानाने सरळ हिशेब मांडला. तिने स्वतः, आपल्या मुलापुढे, ही पिले हिची म्हणून सांगितले. मग ती हिचीच. वर मजुरीही बुडाली. कडूबाई म्हणाली, अर्धल ती अर्धल, कोणी भीतीने काही बोलले म्हणून रीत मोडत नाही. दोघेही बरोबर बोलत होते, म्हणून दयाला दोघांचाही राग आला. ती खुराड्यापुढे बसून सहा तलंगांकडे पाहत राही. कोपी आठवे. साराचे तळपाय हातात घेऊन ती ते चोळत बसे, ते गार नसले तरी.

शेवटी तिने आपल्या जुन्या लुगड्याचा काठ फाडला, त्याच्या चिंध्या केल्या आणि तीन तलंगांच्या पायांत एकेक चिंधी सैल बांधली. बनुबाईकडून तीन महिन्यांत ना निरोप, ना चौकशी. सत्यवानाने चिंध्या पाहिल्या, तो परसात गेला आणि कोपीचे बांबू एकत्र बांधू लागला.

दसऱ्याच्या आधी योसेफ मास्तर आले. आळीच्या तोंडाशी लिंबाखाली माणसे जमली. नेमका त्याच वेळी रंगनाथ बाजरी खुडायला बाया सांगायला आला होता. बाया तोलून मापून निवडायला म्हणून बनुबाईही बरोबर होती. गावातला बडा माणूस म्हणून त्याला मास्तरांशेजारी घोंगडी टाकून दिली. मास्तरांनी तलंगा पाहिल्या आणि त्यांचा चेहरा फुलला. मग त्यांना चिंध्या दिसल्या. त्यांनी विचारले.

दया म्हणाली, चिंधीच्या तीन माझ्या नाहीत. त्या अर्धलीच्या आहेत. मास्तरांनी विचारले, मग कोणाच्या? त्या घराचे नाव सांग, तीन त्या घरी आणि तीन आणखी एखाद्या घरी, म्हणजे सहा दुसरीकडे गेल्या. शर्त तिथेच पुरी होते.

दयाने बनुबाईकडे पाहिले नाही. पाहिले असते तर सगळ्यांनीच पाहिले असते.

"नाव मला सांगता येत न्हाई, मास्तर," ती म्हणाली.

मास्तरांनी समजावले, दोनदा, तीनदा. मग त्यांचाच आवाज उतरला. म्हणाले, पोरी, नाव नाही तर मी मिशनला काय सांगू? मग मला ह्या चारही न्याव्या लागतील. सत्यवान मान खाली घालून उभा होता. कडूबाई पुटपुटत प्रार्थना करत होती. दयाने खुराड्याचे दार उघडले, वाकली आणि पहिल्या पांढऱ्या कोंबडीला हात घातला.

"त्या माज्या हायत."

सगळ्यांनी मागे वळून पाहिले. बनुबाई बायांच्या घोळक्यातून पुढे आली होती.

"आई," रंगनाथ म्हणाला. एवढेच.

"चिंधीच्या माज्या हायत. आन् ती तांबडी बी माजीच. सालगड्याची न्हाई, हिची न्हाई. त्या दिशी मी खोटं बोलले."

मास्तर पेचात पडले. त्यांनी रंगनाथाच्या फेट्याकडे पाहिले, मग बनुबाईच्या हातातल्या पाटल्यांकडे. म्हणाले, बाई, तुमची असतील तर चांगलेच, पण शर्त गरीब घराची आहे. तुमचे घर तर गावात मोठे.

बनुबाईने पाटल्या पदराखाली घेतल्या.

"घर रंगनाथाचं हाय," ती म्हणाली. "मळा त्याचा, बैलं त्याची. आदी त्याच्या बापाचं हुतं. ह्या पाटल्या बी घराच्या, उद्या सुनंच्या हातात जातील. माजं म्हनावं असं ह्या कोंबड्याच हायत. मला गरिबात धरा, मास्तर."

रंगनाथ उठला. त्याचा हात माळेकडे गेला आणि तिथेच राहिला. तो आईकडे असा बघत होता की जणू ही बाई त्याच्या घरात राहते हे त्याला आजच कोणी सांगितले. तो रागावेल म्हणून सगळे वाट बघत होते. तो म्हणाला, गंजीत ठेवू नको, हात घालताना विंचू डसेल एखाद दिवस. विहिरीच्या कडेला खुराडे घालून देतो. आणि बाया सांगायच्या विसरून तो निघून गेला.

मास्तरांनी कपाळ पुसले आणि बनुबाईला गरिबात धरले. चिंधीच्या तीन तिच्या झाल्या. उरलेल्या तीन शेजारणीला देऊन दयाने शर्त पुरी केली. कडूबाईने मास्तरांना जेवायचा आग्रह केला. या खेपेला कोंबडी नाही, अंड्यांचे कालवण मिळेल, असेही ती म्हणाली.

बनुबाईने तलंगा पाटीत घातल्या. दयाने तांबडीही आणून ठेवली, तर तिने ती परत उचलून दयाच्या हातात दिली. तिच्या डोळ्यांत पाणी होते आणि ते ती लपवत नव्हती. "ह्या बी खुडूक व्हायच्या न्हाईत ना कदी?" तिने विचारले. "मग आया तुज्यापाशीच ऱ्हाऊ दे. अंडी मी धाडीन. अर्धलीनं."

एक बाई पाटी घ्यायला पुढे आली, पण बनुबाईने ती कोणाला दिली नाही. रंगनाथाच्या आईने पाटी स्वतः डोक्यावर घेतली आणि भर गावातून, चावडीवरून, सगळ्यांच्या देखत मळ्याकडे निघाली. दया बघत राहिली. मग ती परसात गेली, सत्यवानाने बांधलेली बांबूंची मोळी सोडली, आणि त्याच्या एकट्यापुरते बांबू ठेवून बाकीचे नव्या खुराड्याला घेतले.